काउंट चांगला आला तरी डॉक्टर डोस का वाढवतात?

रक्ताच्या कॅन्सरची मोठी ट्रीटमेंट संपते, पोरगं घरी येतं, डोक्यावर बारीक केस दिसायला लागतात, शाळेत जायचं म्हणून हट्ट सुरू होतो. आणि मग ओपीडीत असं काहीतरी घडतं की आईबाप चक्रावून जातात. सीबीसीचा म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट मस्त आलेला असतो, पांढऱ्या पेशी भरपूर, सगळे खूश, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, गोळी थोडी वाढवूया. पुढच्या वेळी काउंट खाली येतो तेव्हा डॉक्टर शांत असतात आणि घरात मात्र पपईच्या पानांचा रस, किवी, गुळवेल असं सगळं चालू होतं, कारण काउंट जितका जास्त तितकं बरं हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मला या समजाबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण त्यामागचं विज्ञान अफाट सुंदर आहे आणि ते कळलं नाही तर गोळ्या चुकतात.

हे सगळं एएलएल म्हणजे लहान मुलांमध्ये जास्त दिसणाऱ्या ल्युकेमियाबद्दल आहे, एएमएल या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरची ट्रीटमेंट वेगळी असते.

आजार पकडला जातो तेव्हा शरीरात कॅन्सरच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं त्या भागाच्या तपासणीत त्या ५ टक्क्यांच्या खाली आल्या की त्याला रेमिशन म्हणतात. मायक्रोस्कोपखाली मॅरो नॉर्मल दिसतो, पण तरी आत हजार कोटी पेशी शिल्लक असू शकतात! एमआरडीची, म्हणजे शिल्लक राहिलेल्या कॅन्सर पेशी शोधणारी टेस्ट दहा हजारात एक पेशी शोधते, म्हणजे तीही निगेटिव्ह आली तरी काही कोटी पेशी नजरेतून सुटलेल्या असू शकतात. "रिपोर्ट क्लिअर आहे मग गोळ्या कशाला" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पुढच्या काही महिन्यांच्या केमोने त्या अजून कमी होतात आणि उरल्यासुरल्या पेशींसाठी मेंटेनन्स असतो, साधारण दोन-अडीच वर्षं, रोज ६-एमपी म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट.

६-एमपी गर्ट्रूड एलियन या बाईंनी अमेरिकेत १९५० च्या आसपास बनवलं आणि १९५३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पीएचडी नसलेल्या या बाईंना १९८८ चं नोबेल मिळालं. तेव्हा नुसत्या या औषधाने मुलं काही महिने बरी व्हायची आणि आजार उलटायचा, औषधं एकत्र वापरायला लागल्यावर चित्र बदललं.

आता ते मारतं कसं ते बघा, इथे जरा धीर धरा. पेशीचे दोन भाग होण्याआधी डीएनएची कॉपी निघते आणि त्यासाठी ए, टी, जी, सी ही चार अक्षरं लागतात. ६-एमपी पेशीत गेल्यावर दोन-तीन एन्झाइम त्याला बदलत बदलत थायोग्वानिन बनवतात, जे हुबेहूब जी सारखं दिसतं, फक्त एका ऑक्सिजनच्या जागी सल्फर. पेशी फसते आणि जी च्या जागी हे बसवते. गंमत म्हणजे त्याने लगेच काहीच होत नाही, पेशी दोन होऊन मोकळी. पण डीएनएत बसलेल्या अशा काही सल्फरवर नंतर मिथाइलचा एक छोटा गट चिकटतो, आणि पुढच्या कॉपीच्या वेळी त्याच्यासमोर सी ऐवजी टी येऊन बसतो. पेशीत चुका दुरुस्त करणारी प्रोटीन्स असतात, ती ही जोडी बघतात आणि नवीन धाग्यावरचा टी काढून टाकतात, कारण चूक नेहमी नव्या धाग्यावरच असते असं त्यांचं गृहीत आहे. इथे मात्र दोष जुन्या धाग्यात आहे! म्हणून परत टी च येतो, परत काढतात, परत येतो, वायरिंग जळालेलं असताना इलेक्ट्रिशियनने नुसते बल्ब बदलत बसावं तसं. या खटाटोपात डीएनएचे तुकडे पडतात आणि पेशी मरते.

म्हणजे पेशी मरायला तिने एकदा नाही, दोनदा विभागायला हवं. आणि शिल्लक राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींपैकी काही चक्क झोपलेल्या असतात, महिनोन्महिने विभागतच नाहीत. कधी जाग्या होतील कुणाला माहीत नाही, म्हणून औषध रोज रक्तात हजर पाहिजे. दोन वर्षं लागतात ती यासाठी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ज्या मुलांच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या गेल्या त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अडीच पटीहून जास्त निघाला. महिन्यात दोन गोळ्या विसरल्या की तुम्ही ९३ टक्क्यांवर येता, इतकं ते काटेकोर आहे.

झोपलेल्या कॅन्सर पेशी मोजता येत नाहीत, मग डोस पुरेसा आहे हे कळणार कसं? त्यासाठी डॉक्टर निरोगी मॅरोकडे बघतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात, त्यामुळे मॅरोला रोज साधारण दहा हजार कोटी नवीन बनवाव्या लागतात. इतक्या वेगाने विभागणाऱ्या कारखान्यावर औषधाचा परिणाम सगळ्यात आधी दिसतो. म्हणून एएनसी म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा मुद्दाम ५०० ते १५०० च्या दरम्यान ठेवतात, काही ठिकाणी थोडा वर. तो सतत ३००० येत असेल तर औषध अंगाला लागत नाहीये किंवा गोळ्या चुकताहेत.

आणि हे औषध सगळ्यांना सारखं लागत नाही. एनयूडीटी१५ नावाचं एन्झाइम थायोग्वानिनला डीएनएत बसण्याआधीच निकामी करतं. हे ज्यांच्यात जन्मतः कमजोर असतं त्यांचा काउंट नेहमीच्या डोसनेसुद्धा धडाम कोसळतो. २०१४ मध्ये कोरियन पेशंट्समध्ये हे सापडलं. युरोपियन लोकांत हा दोष क्वचित असतो, त्यांच्यात टीपीएमटी हे दुसरं एन्झाइम महत्त्वाचं, पण आपल्याकडे आणि पूर्व आशियात एनयूडीटी१५ चा दोष बऱ्यापैकी दिसतो, म्हणून ही टेस्ट केली आहे का ते डॉक्टरांना जरूर विचारा.

आता त्या रसांबद्दल. काउंट औषधामुळे खाली आहे आणि मुद्दाम आहे, तो रसाने वर आणायचाच नाहीये. शिवाय ६-एमपी आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही लिव्हरवर ताण देतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले होते, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद असेल, पण केमो चालू असलेल्या मुलावर हा प्रयोग कशाला? नजर लागली म्हणून अंगारे लावणारे निदान पोटात काही घालत नाहीत, पण "देवाचं करतोय, आता गोळ्या बंद करा" म्हणणारे भेटतात आणि ते थेट जीवाशी खेळतात.

मूल शाळेत जाऊ शकतं, खेळू शकतं, घरचं ताजं सगळं खाऊ शकतं, बाहेरची पाणीपुरी आणि उघड्यावर कापलेली फळं सोडून. दूध-भाकरीबरोबर गोळी चालते का यावर आईबाप फार काळजी करतात, पण रोज ठरलेल्या वेळी गोळी पोटात जाणं त्याहून महत्त्वाचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, चुकून रोज दिलं तर जीवघेणं ठरतं, कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. शनिवार-रविवारची को-ट्रायमोक्साझोल फुफ्फुसातल्या एका बुरशीपासून वाचवते, खोकला नाही म्हणून ती सोडायची नाही. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका, तापच लपतो, रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करून निघा. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा, संरक्षणाचं औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं.

लशींचं बरेच जण विसरतात. मेंटेनन्समध्ये जिवंत विषाणूच्या लशी देत नाहीत, गोळ्या बंद झाल्यावर काही महिन्यांनी डॉक्टर बूस्टरचं वेळापत्रक देतात. आणि पल्स पोलिओच्या रविवारी धाकट्या भावंडाला थेंब पाजायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, कारण त्या थेंबांतला विषाणू जिवंत असतो, शीवाटे बाहेर पडतो आणि त्याच घरातल्या केमो चालू असलेल्या मुलापर्यंत पोचू शकतो. इंजेक्शनवाली पोलिओ लस भावंडाला चालते.