रेटा तोच, वजन दुप्पट

हौशी रॉकेटवाल्यांच्या खोक्यात हमखास सापडणारी एक मोटर म्हणजे ‘सी६-५’. अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब कागदी नळी आणि आत ठासून भरलेली काळी दारू. दिवाळीतल्या बाणाची चुलत बहीणच म्हणा, पण मोजूनमापून घडवलेली. तिची कुंडली नावातच आहे. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकण्याचा वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या गटातला. ६ म्हणजे सरासरी रेटा, रॉकेटला पुढे ढकलणारा जोर, ६ न्यूटन. आणि ५ म्हणजे दारू जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार किती सेकंदांनी उडणार, तो आकडा.

रॉकेट जड झालं की रेटा कमी होतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. वर काय बांधलंय याची मोटरला खबरच नसते. जेमतेम ११ ग्रॅम दारू वायू होऊन सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगानं मागे फेकली जाते. दर सेकंदाला किती वस्तुमान, किती वेगानं फेकलं, यावर रेटा ठरतो. वर ५० ग्रॅमचं रॉकेट असो की वीट.

बदलतं ते त्वरण, आणि त्याचा हिशेब जरा फसवा आहे. रेट्यातून आधी रॉकेटचं वजन वजा करायचं, मग जे उरेल त्याला वस्तुमानानं भागायचं. म्हणजे वस्तुमान दोनदा वसुली करतं. ५० ग्रॅमच्या रॉकेटचं वजन अर्धा न्यूटन. उरले साडेपाच, म्हणून त्वरण ११०, म्हणजे वेग दर सेकंदाला ११० मीटर प्रतिसेकंदानं वाढतो. १०० ग्रॅमला ते निम्मं, म्हणजे ५५ यायला हवं, पण येतं ५०. २०० ग्रॅमला २०. ४०० ग्रॅमला जेमतेम ५. आणि ६०० ग्रॅमच्या थोडं पुढे गेलात, की धूर, आवाज सगळं होईल, सरासरी रेट्यावर रॉकेट मात्र जागचं हलणार नाही.

माणसांना चंद्राकडे नेणारं सॅटर्न-५ रॉकेट तर संथपणेच वर चढायचं. त्याचा रेटा वजनाच्या साधारण १.२ पटच होता. मग हौशी लोकांच्या छोट्या मॉडेल रॉकेटला एवढी घाई कशाला? कारण त्याला सुकाणू नसतं. सॅटर्नची इंजिनं वळवून दिशा सावरता यायची. मॉडेलला सरळ ठेवतात त्याचे पंख, आणि पंखांना पकड मिळायला वाहती हवा लागते. तोवर आधार मीटरभर लांबीच्या सळईचा. सरासरी रेटा धरला, तर ५० ग्रॅमचं रॉकेट सळई सोडताना सेकंदाला १५ मीटर वेगात असतं, ४०० ग्रॅमचं फक्त ३ मीटर. मग वाऱ्याची एक झुळूक पुरते. प्रत्यक्षात सी६ सुरुवातीलाच क्षणभर १४ न्यूटनच्या आसपास जोर लावते, त्यामुळे चित्र इतकं वाईट नसतं. तरी रेटा वजनाच्या किमान पाचपट हवा, हा अनुभवी लोकांचा ठोकताळा मोडू नये.

मग रॉकेट जितकं हलकं तितकं उंच? इथे माझीही पहिल्यांदा फसगत झाली होती. टेबल टेनिसचा चेंडू जीव खाऊन फेकून बघा आणि मग क्रिकेटचा. पहिला हातातून सुसाट सुटतो, पण लगेच मरगळतो. सी६ दोन सेकंदांच्या आत विझते. पुढची चढण रॉकेट केवळ मिळालेल्या वेगावर करतं. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि त्या रोधाला तोंड द्यायला अंगात वस्तुमान नसेल तर वेग पटकन गळतो. म्हणून प्रत्येक रॉकेट-मोटर जोडीला एक असं वस्तुमान असतं, जिथे उंची सर्वांत जास्त मिळते. त्याहून हलक्या रॉकेटच्या नाकात मातीचा छोटा गोळा दाबला तर ते उलट अधिक उंच जातं, शिवाय गुरुत्वमध्य पुढे सरकून उड्डाणही सरळ होतं.

नावातला शेवटचा आकडाही वजन बघूनच निवडायचा. सी६ मोटर ३, ५ आणि ७ सेकंदांच्या विलंबात मिळते. हलकं, सडपातळ रॉकेट बराच वेळ वर सरकत राहतं, त्याला ७ चालतं. जड रॉकेटचा शेवटचा वेग मुळात कमी, त्यामुळे ते माथ्यावर लवकर पोचतं. त्याला ५ची मोटर लावली, तर बार उडेपर्यंत त्याचं नाक जमिनीकडे वळलेलं असतं, आणि पॅराशूट उघडतं ते त्या वेगात, दोऱ्या तोडत.