सूर्याची वादळे: कुलाब्याच्या वहीपासून विदर्भातल्या धुऱ्यापर्यंत

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना तिथे अचानक लख्ख प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले, म्हणजे सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळले. अमेरिका-युरोपात तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले कर्मचारी मात्र नेहमीसारखे चुंबकसुईचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत होते. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) कोसळल्याची ती नोंद तशीच पडून राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्षसिंग लखिना आणि सहकाऱ्यांनी ती अभ्यासून प्रसिद्ध केली, तेव्हा तिचे मोल जगाला कळले. माझ्या मते आपल्या विज्ञानातली ही सर्वांत कमी मिरवलेली कमाई आहे.

विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई हलते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुईला शांत जागा हवी होती. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय मोजणीचे काम अलिबागला हलले. पुढे १९७१ मध्ये हेच काम करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली. तिचे एक वेधकेंद्र नागपुरातही आहे, हे विदर्भातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास गेली. अजूनही ‘सौर वादळ, आता अंधार’ असे संदेश फिरतात. विदर्भासाठी ती भीती फारशी खरी नाही. विजेच्या जाळ्यावरचा असा मार मुख्यतः ध्रुवांकडच्या देशांना बसतो. आपल्याकडे लोड शेडिंगची कारणे जमिनीवरचीच.

आपला प्रश्न वेगळा आहे. दिवसा पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर हवेच्या वरच्या थरात विद्युतभारित कण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे वर चढतात आणि उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूंना उतरतात. भारतात त्यांची सर्वांत दाट पट्टी अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असते, म्हणजे विदर्भाच्या जवळच. सूर्य मावळला की याच थरात विरळ कणांचे बुडबुडे उठतात. त्यांतून येताना उपग्रहाचा संदेश लुकलुकतो, कधी तुटतोही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, हे जास्त होते.

भारताच्या जमिनीची महामोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. साखळी आणि थिओडोलाइट (कोन मोजायचे यंत्र) यांच्या त्यांच्या मोजणीला सूर्याच्या वादळांशी काही देणेघेणे नव्हते. आता भूमी अभिलेखचा भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा मोजणारे यंत्र, घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहतो. मोजणी बहुधा दिवसा होते म्हणून संध्याकाळचा त्रास वाचतो, पण मोठ्या वादळात दिवसाही भरवसा नसतो. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर अडखळले. त्याच वादळाच्या रात्री लडाखच्या हानले इथे आकाशात लाल आभा दिसली.

नजर ठेवण्यासाठी आदित्य-एल१ हे भारताचे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्याकडून येणारा झोत आधी तिथून जातो, मग आपल्याकडे येतो. मधला वेळ वादळ जोराचे असले तर अर्धा तासही भरत नाही.