चित्राखालची ओळ झाकू नका
(पक्षीचित्रांच्या प्रती घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी असते ती बोरीच्या फांदीवर बसलेल्या भांगपाडी मैनेच्या चित्राला. शेजारी टसरचे पतंग, अळी आणि कोशही आहे. हे चित्र फ्रेम करायला देताना बरेच जण म्हणतात, "खालचं ते लिहिलेलं माउंटखाली घ्या, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल." (माउंट म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती बसवलेली पुठ्ठ्याची चौकट.) तसे करू नका, अशी आमची मनापासून विनंती आहे. कारण सांगतो.

1777 ते 1782 या काळात कलकत्त्याला सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी आपल्या बागेत देशोदेशीचे पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रे काढायला पाटण्याचे तीन चित्रकार होते: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. तिघांनी मिळून तीनशेहून अधिक चित्रे काढली. त्यांतली निम्म्याहून जास्त पक्ष्यांची, आणि जमेल तिथे पक्षी खऱ्याच मापाचा.

त्या काळी युरोपातले चित्रकार पुष्कळदा पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काम करत. तसा पक्षी डोळ्यांत आणि मानेच्या वळणात लगेच ओळखू येतो. इथे पक्षी समोर होता, आणि हात मुघल शैलीत तयार झालेला. एकेक पीस बारीक कुंचल्याने वेगळे काढलेले आहे. भिंग लावून पाहा, प्रतीतही दिसेल. कागद मात्र विलायतेहून आलेला, आणि मागे कोरी जागा सोडण्याची रीतही तिकडचीच. "बॅकग्राउंड छापायचं राहिलंय का?" असे कुणी विचारले की आम्ही हेच सांगतो.

आता ती ओळ. पक्ष्याचे नाव, 'लेडी इम्पी यांच्या कलकत्त्याच्या संग्रहातून', चित्रकाराचे नाव, पाटण्याचा राहणारा, आणि साल. मजकूर इंग्रजीत, पण चित्रकाराचे नाव फारसी लिपीत. इम्पी घराण्याचे नाव टिकायला पुष्कळ जागा होत्या. इंग्लंडचे पक्षितज्ज्ञ जॉन लेथम यांनी ही चित्रे पाहून नव्या पक्ष्यांची वर्णने लिहिली, आणि हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात इम्पी आजही आहेत. मैनेचे चित्र काढणाऱ्या झैनुद्दीन यांच्याविषयी मात्र या ओळीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. 1810 मध्ये लंडनला लिलाव होऊन संग्रह विखुरला, तरी कुठलेही पान कुणाच्या हातचे ते कळते, ते या ओळीमुळेच.

म्हणून आम्ही माउंट कापताना खाली बोटभर जागा जास्त सोडतो. माउंट ॲसिड-फ्रीच घ्या. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कडेला पिवळी रेघ उमटते. काच कागदाला चिकटता कामा नये. समोरून ऊन येणारी भिंत टाळा, कारण आधी उडतात ते नाजूक रंग. पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीवर फ्रेम ठेवू नका, आणि मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहील.

आधी आमच्याकडून किंवा दुसरीकडून केलेल्या फ्रेममध्ये ओळ झाकली गेली असेल, तर फ्रेम घेऊन या. त्याच फ्रेममध्ये नवे माउंट बसवून देऊ. मजुरी घेणार नाही, फक्त माउंटचे पैसे.