नोटेशन कुणाचं? चालीच्या हक्काचा जुना गुंता

नागपुरात हार्मोनियम शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक गुरुजींकडे नोटेशनची, म्हणजे गाण्यांच्या स्वरलिपीची, एक जाड वही सापडते. मात्रांचे रकाने, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तालाच्या समेला (पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य. भातखंडेंच्या स्वरलेखन पद्धतीत, कॅसेट मागे-पुढे करत कानाने उतरवलेली भावगीतं आणि अभंग. विद्यार्थी ती वही उतरवून घ्यायचे, कुणी हरकत घेत नसे. पुढे वहीची पीडीएफ झाली, व्हॉट्सअ‍ॅपवरून ती धरमपेठेतून पुण्या-बेळगावापर्यंत गेली आणि हक्काचा प्रश्न उभा राहिला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली चाल. आपल्याकडे तर चाली कागदावर नसायच्याच. संगीतकार पेटीवर बसून गायकाला ऐकवायचा. १९९४ च्या दुरुस्तीने लिहिण्याची अट काढली, आणि संगीतकृतीत तिची स्वरलिपीही धरली. संगीतकारांसाठी हे न्याय्यच झालं. पण त्याच ओळीमुळे दुसऱ्या कुणी ऐकून लिहिलेली स्वरलिपीही मूळ चालीच्या हक्कात गेली.

खरा घोळ आहे तो ‘ट्रान्सक्रिप्शन’ या शब्दाचा. कायद्यात ‘रूपांतर’ या संज्ञेखाली संगीतकृतीची मांडणी आणि ट्रान्सक्रिप्शन दोन्ही येतात, आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा. पाश्चात्त्य संगीतात या शब्दाचे दोन अर्थ: एका वाद्याची रचना दुसऱ्या वाद्यासाठी नव्याने बांधणं, किंवा ऐकून लिहून काढणं. व्याख्येत यातला कुठला अर्थ, ते उलगडलेलं नाही. परवानगी दोन्हीकडे लागतेच. पण पहिल्या अर्थात लिहिणाऱ्याच्या कसबाला जागा राहते, दुसऱ्यात तो निव्वळ नक्कल करणारा ठरतो. ज्याने एका मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, कोणते स्वर लागले हे ठरवायला तीच ओळ पन्नासदा ऐकली, त्याला नक्कल करणारा म्हणणं मला पटत नाही. वर्गात शिकवण्याच्या ओघात होणाऱ्या वापराला कायद्याने सूट दिली आहे; जगभर उघड्या ठेवलेल्या फाइलला ती पुरत नाही.

त्यात पीडीएफवर सर्रास ‘पारंपरिक’ लिहिलेलं असतं. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण त्याच अभंगाला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या वारसांची किंवा ज्याला हक्क दिला त्याची. खंजिरी भजनांचंही तसंच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांची मुदत २०२८ अखेरपर्यंत. विदर्भातल्या गावोगावच्या मंडळांना ती भजनं परंपराच वाटतात, आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नाही.

परदेशात हा वाद आधीच पेटला होता. अमेरिकेत गिटारची कानाने उतरवलेली टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारं लेखन) फुकट देणारा एक मोठा संग्रह प्रकाशकांच्या दबावाने २००६ मध्ये बंद पडला. कॅनडातून चालणारा जुन्या स्वरलेखांचा संग्रह ऑक्टोबर २००७ मध्ये बंद झाला आणि जून २००८ मध्ये पुन्हा उघडला; तेव्हा तिथे मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं होती, तक्रार करणाऱ्या प्रकाशकाच्या युरोपात ७०. तिकडचे प्रकाशक छापील स्वरलेख विकत होते. मराठी गाण्यांची अधिकृत स्वरलिपी बाजारात क्वचितच मिळते. मागायची तरी कुणाकडे?

२०१३ च्या नियमांनुसार तक्रार आली की मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने ३६ तासांत तो रोखायचा. २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. मात्र हक्कदार राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावण्याची मुभा त्याला आहे, त्यामुळे नागपूरच्या शिक्षकाला तारखेसाठी मुंबईची गाडी धरावी लागू शकते. म्हणून नोटीस आली की तो त्याच रात्री स्वतःहून फाइल काढून टाकतो, आणि २१ दिवस मोजायची वेळच येत नाही.