बातम्यांची निवड आणि मतांची जडणघडण

माध्यमांचा पक्षपात म्हटला की आपण अग्रलेखातील भूमिका किंवा निवेदकाचा सूर तपासू लागतो. परंतु मतांवर खोल परिणाम घडतो तो त्याआधीच, कोणती बातमी घ्यायची आणि कोणती गाळायची हे ठरते तेव्हा. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी चॅपेल हिल या अमेरिकी गावातील, मत कोणाला द्यायचे हे न ठरवलेल्या १०० मतदारांना देशापुढचे कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे विचारले आणि उत्तरे तिथे पोहोचणाऱ्या बातम्यांशी ताडून पाहिली. दोन्हींचा क्रम जवळजवळ सारखाच निघाला. तरीही शंका उरतेच, कारण माध्यमेच लोकांच्या काळजीमागे धावत असू शकतात.

ही शंका शांतो अय्यंगार, मार्क पीटर्स आणि डोनाल्ड किंडर यांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी बरीच दूर केली. सामान्य नागरिक रोज येऊन आदल्या संध्याकाळचे म्हणून दाखवलेले बातमीपत्र पाहत; त्यात संशोधकांनी जुन्या बातम्यांचे तुकडे बेमालूम जोडले आहेत, याची त्यांना कल्पना नव्हती. देशाच्या संरक्षणातील उणिवांच्या बातम्या पाहिलेल्यांना आठवडाभरातच तो प्रश्न अधिक गंभीर वाटू लागला. इतकेच नव्हे, तर अध्यक्षांच्या एकूण कामगिरीला गुण देतानाही ते संरक्षणाचेच माप अधिक लावू लागले. अध्यक्ष चांगले की वाईट, हे कोणी सांगितले नव्हते. तराजू मात्र बदलला होता.

मला याहून अस्वस्थ करतो तो अय्यंगार यांचा पुढचा निष्कर्ष. गरिबीची बातमी एकाच कुटुंबाची व्यथा म्हणून दाखवली, तर प्रेक्षक गरिबीची जबाबदारी त्या माणसांवरच अधिक टाकतात; तीच बातमी आकडेवारी आणि धोरणांच्या अंगाने मांडली, तर समाज आणि शासनाकडे बोट दाखवतात. कळवळ्याने केलेले वार्तांकनही असे उलटू शकते.

मग पक्षपात ओळखावा कसा? केवळ स्वतःच्या नाराजीवर भिस्त ठेवता येत नाही. लेबनॉनमधील बैरूत येथे १९८२ मध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या बातम्यांच्या त्याच चित्रफिती पाहून इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थी, दोघांनाही त्या आपल्याविरुद्ध वाटल्या, असे रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांना १९८५ च्या अभ्यासात आढळले. म्हणूनच संशोधक बातम्यांची मोजदाद करतात: कोणत्या विषयाला किती जागा, कोणाचे म्हणणे किती वेळा. पण मुळात न आलेली बातमी या मोजणीत सापडत नाही. तिच्यासाठी प्रत्यक्ष घटनांच्या नोंदी स्वतंत्रपणे शोधून शेजारी ठेवाव्या लागतात.