बाराटांग आणि बॅरन: अंदमानातले दोन वेगळे ज्वालामुखी

अंदमानहून आलेली बरीच मंडळी सांगतात की भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी बघून आलो, आणि फोटो दाखवतात तो बाराटांगच्या करड्या चिखलाचा. नावं जवळजवळ सारखी, टूरवाले दोन्हीला ज्वालामुखीच म्हणतात, त्यामुळे घोळ होणारच. पण तो जिवंत ज्वालामुखी बॅरन बेटावर आहे, आणि तिथं उतरायला परवानगीच नाही.

बाराटांगला रस्त्याने जाता येतं. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) पहाटे निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा सुटतो तो जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून, तिथं फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती मनापासून पाळा, मग मिडल स्ट्रेटला फेरीने खाडी ओलांडली की बाराटांग. पुढे जंगलात एक बुटका उंचवटा, त्यात पातेल्यात पिठलं रटरटावं तसा एखादा बुडबुडा वर येतो, फुटतो, चिखल हळूच ओघळतो. फरक एवढाच की हा चिखल गार असतो, कारण खाली लाव्हा नाहीच. जमिनीखाली गाळात अडकलेले जुने जैविक अवशेष कुजून मिथेनसारखे वायू तयार होतात, ते दाबाखाली पाणी आणि माती वर ढकलतात, बस.

आता नकाशा उघडा. बॅरन बाराटांगच्या जवळजवळ सरळ पूर्वेला, शंभरेक किलोमीटरवर आहे. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की दोन्हीमागचं मूळ कारण एकच आहे. अंदमानच्या पश्चिमेला भारतीय प्लेट (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) बर्मा प्लेटच्या खाली सरकते. सरकताना तिच्यावरचा गाळ खरवडला जाऊन वर ढीग साचतो, बाराटांगसकट अंदमानची मुख्य बेटं बऱ्याच अंशी त्या ढिगातूनच वर आलीत, म्हणून तिथं चिखल आणि वायू. तीच प्लेट आणखी पूर्वेला गेली की खूप खोल पोचते, तिच्यातलं पाणी सुटून वरच्या खडकात शिरतं, खडक वितळतो आणि मॅग्मा वर येतो, तो बॅरनला.

बॅरन म्हणजे समुद्राच्या तळापासून दोन हजार मीटरपेक्षा जास्त उंच उठलेल्या डोंगराचा शेंडा. पाण्यावर दिसतो तो सुमारे साडेतीनशे मीटर उंच, जेमतेम तीन किलोमीटर रुंद. बाहेर जुन्या विवराची गोल भिंत, आत काळ्या राखेचा शंकू, आणि ही भिंत पश्चिमेला फुटलेली. 1787 मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, पुढची काही दशकं अधूनमधून उद्रेक झाले, मग दीडशे वर्षांहून जास्त काळ शांत, आणि 1991 ला पुन्हा पेटला तेव्हा लाव्हा त्या फुटक्या बाजूनेच समुद्रात उतरला. तेव्हापासून अधूनमधून चालूच आहे. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच काम करत होते, त्यांना दिवसा नुसते राखेचे लोट दिसले, सूर्य मावळल्यावर कळलं की आतून लाल लाव्ह्याची कारंजी उडतायत.

माणूस राहत नाही तिथं, पण रानटी झालेल्या शेळ्या आहेत! बेट अभयारण्य आहे.

यात अंदमानातलंच नारकोंडम बेट पण कोणी कोणी मिसळतं. तोही ज्वालामुखीच, 710 मीटर उंच, पण सुप्त आणि पूर्ण जंगलाने झाकलेला, आणि नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथंच सापडतो. पण तो बराच उत्तरेला आहे, बॅरनच्या सहलीत येत नाही.

तर चिखल बघायचा असेल तर बाराटांगची एक दिवसाची सहल पुरते. बॅरन बघायचा असेल तर लांबचा बोटप्रवास, समुद्र शांत हवा, परवानगी असलेलीच बोट हवी, आणि बेटाच्या पश्चिम बाजूने नेणार का हे बुकिंग करतानाच विचारा, कारण आतला शंकू तिकडूनच दिसतो.