डब्यावरचा आकडा आणि आतली दारू

रायफलीची काडतुसं स्वतः भरणाऱ्या माणसाच्या फळीवर कधीकधी दोन डबे शेजारी शेजारी दिसतात. एकावर लिहिलेलं असतं 'एच ४८३१', दुसऱ्यावर 'आयएमआर ४८३१'. आकडा तोच आणि दाणेही तसेच, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखे करडे-काळे. तरीही या दोन वेगळ्या दारू आहेत. आयएमआरची दारू जरा लवकर जळते. पहिल्या डब्यासाठी ठरलेलं कमाल वजन दुसऱ्या डब्यातून काढून भरलं, तर चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या कप्प्यातला, दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. आणि नेम धरणाऱ्याचा चेहरा त्या चेंबरपासून फार लांब नसतो.

हा घोळ झाला कसा? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २० मिलिमीटरच्या तोफांसाठी ४८३१ नावाची दारू बनवली. युद्ध संपल्यावर ती प्रचंड प्रमाणात शिल्लक राहिली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन हौशी नेमबाजांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. मोठ्या पुंगळ्यांच्या (काडतुसाच्या पितळी कवचांच्या) रायफलींना ती इतकी मानवली, की साठा आटत आला तेव्हा १९७३मध्ये ड्युपाँट कंपनीने आयएमआर या नावाखाली त्याच आकड्याची नवी दारू बाजारात आणली. तिचा जळण्याचा वेग मात्र जुनीसारखा निघाला नाही. पुढे हॉजडननेही आपली ४८३१ नव्याने बनवून घेतली, आणि एका आकड्याचे दोन वारस कायमचे झाले.

हँडलोडिंगची, म्हणजे हाताने काडतुसं भरण्याची, सगळी गंमत आणि सगळा धोका मला या गोष्टीत दिसतो. काम वरकरणी सोपं आहे. रिकामी पुंगळी साफ करून मापात आणायची, नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायचा, तोलून दारू घालायची, वर गोळी बसवायची. पण दारू तोलली जाते ग्रेनमध्ये, म्हणजे पौंडाच्या सात हजाराव्या भागात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. पिस्तुलाच्या काडतुसात बहुधा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी दारू असते. एवढ्याशा चिमटीत मोजायची असते ती ताकद नव्हे, वेळ.

कारण ही दारू सुरुंगासारखी स्फोट पावत नाही, ती जळते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो, आणि सगळा खेळ तेवढ्यात उरकतो. जुन्या ठासणीच्या बंदुकांतली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो, म्हणून तो धूर आणि ती काजळी. १८४६मध्ये शॉनबाइन या रसायनतज्ज्ञाने नायट्रेट केलेला, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला, कापूस लोकांपुढे आणला. तो जवळजवळ पूर्ण वायू होतो, पण बंदुकीत वापरावा इतका तो आवरत नव्हता. १८४७मध्ये इंग्लंडमधल्या फॅवरशॅमचा असा कापूस बनवणारा कारखानाच उडाला. हे भूत बाटलीत भरलं ते १८८४मध्ये पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. त्याने कापसाचे तंतू विरघळवून त्यांचा शिंगासारखा घट्ट पदार्थ केला. आग आता तंतूंच्या आत शिरू शकेना, तिला पृष्ठभागावरून थर सोलत आत जावं लागलं. बिनधुराची दारू जन्माला आली ती अशी.

थर सोलत जाणं, एवढी एक गोष्ट नीट कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. भरीव दाणा जळता जळता लहान होतो, त्याचा पृष्ठभाग घटतो आणि वायूही कमी कमी निघतो. दाण्याला मधोमध आरपार भोक पाडलं, तर बाहेरची बाजू आक्रसते तशी भोकाची भिंत रुंदावते. दोहोंची बेरीज जवळपास तेवढीच राहते, म्हणून वायू एकसारखा निघतो. तोफांच्या जाड दाण्यांना सात-सात भोकं असतात, त्यांचा पृष्ठभाग तर वाढतच जातो. त्यात आणखी एक पेच आहे. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब. पुढे सरकणारी गोळी मागे जागा मोकळी करते म्हणूनच हे चक्र आटोक्यात राहतं. आखूड नळी आणि हलकी गोळी असेल तर चटकन जळणारी दारू लागते. लांब नळी, मोठी पुंगळी आणि जड गोळी असेल तर सावकाश जळणारी. .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी अमेरिकी मानकाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचावर तितके पौंड) आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. चुकीला जागा किती थोडी आहे, हे त्या आकड्यावरून कळावं.

दाण्याचा आकार बदलण्याचा दुसरा मार्ग १९३३च्या सुमारास फ्रेड ओल्सन यांनी काढला. ही गोल दाण्यांची बॉल पावडर मापकातून बारीक वाळूसारखी सुळकन ओघळते. लांब काड्यांची दारू मात्र मापकाच्या कडेला अडकते. दांडा फिरवताना एखादा दाणा चिरडल्याची कचकच हाताला जाणवते आणि वजन कणभर चुकतं. पण गोल दाणा हा पृष्ठभाग घटत जाणारा. म्हणून त्याला आग मंदावणारा लेप द्यावा लागतो, तो बाहेरून मुरत थोडा आत जातो. सुरुवातीला आग रेंगाळते आणि लेप ओलांडला की वेग धरते. गोल दाण्याचं खरं कौशल्य त्या लेपात असतं.

दारू बदलली तर काय होतं, याचा सर्वांत कडू धडा व्हिएतनाममध्ये मिळाला. अमेरिकी सैन्याची एम-१६ रायफल काड्यांच्या दारूवर तयार झाली होती. १९६४मध्ये लष्कराने डब्ल्यूसी ८४६ ही बॉल पावडर स्वीकारली. गोळीचा वेग हवा तसा मिळाला, पण दाबाचा आलेख वेगळा निघाला. रायफल ठरल्यापेक्षा भरभर चालू लागली. दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे गॅसनळीत, म्हणजे रायफलीची यंत्रणा चालवणारा वायू वाहून नेणाऱ्या नळीत, कीटण साचू लागलं. क्रोमचा मुलामा नसलेलं चेंबर आणि साफसफाईच्या साहित्याची वानवा यांची त्यात भर पडली, आणि जवानांच्या हातात रायफली अडकू लागल्या. १९६७मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. वेग जुळला म्हणजे दारू जुळली असं समजणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग मुळातून वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

आता नव्या दारूंकडे. गेल्या काही दशकांतली सर्वांत मोलाची सुधारणा तापमानाच्या बाबतीत आहे. गरम दारू लवकर जळते. जुन्या प्रकारांत दर अंश फॅरनहाइटमागे गोळीचा वेग सेकंदाला एक-दोन फुटांनी सहज बदलतो. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत ६० अंशांचा फरक धरला, तर वेगात ६० ते १२० फूट तफावत पडते आणि लांबच्या निशाण्यावर गोळी वर-खाली जाते. त्याहून वाईट म्हणजे थंडीत मर्यादेला टेकलेलं वजन उन्हात ती ओलांडू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाच्या कारखान्यात बनणाऱ्या एच ४३५० आणि व्हार्गेट यांनी हा फरक खूपच कमी केला. ६.५ क्रीडमूर काडतुसाची लोकप्रियता वाढली तशी एच ४३५० मिळेनाशी झाली, ती याच गुणामुळे. बॉल पावडरमध्ये ही स्थिरता आणणं अवघड मानलं जाई. २०२०च्या सुमारास आलेल्या स्टाबॉल ६.५ने तेही बऱ्याच अंशी जमवलं.

दुसरी सुधारणा तांब्याची. गोळीच्या कवचाचं तांबं नळीत चिकटत जातं. दारूत कथिलाची किंवा बिस्मथची संयुगं घातली की तो थर ठिसूळ होतो आणि पुढच्या गोळीबरोबर निघतो. तोफखान्याला ही युक्ती फार पूर्वीपासून माहीत होती, रायफलीच्या डब्यात ती उशिरा आली.

काही बदल मात्र नेमबाजाच्या मागणीतून आले नाहीत. दाण्यांच्या लेपात वापरली जाणारी डायब्युटाइल थॅलेट आणि डायनायट्रोटोल्युइन ही रसायनं युरोपीय संघाने 'रीच' या रसायनांविषयीच्या नियमावलीखाली परवानगीशिवाय वापरायला बंद केली. पहिलं प्रजननक्षमतेला घातक, दुसरं कर्करोगकारक. कारखान्यातल्या कामगारांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण लेप बदलला की जळणं बदलतं, आणि ते जुन्या नावाशी पुन्हा जुळवून आणायला खूप खटपट करावी लागते.

त्यात कापसाची टंचाई आली. नायट्रेट केलेला कापूस, म्हणजेच नायट्रोसेल्युलोज, बनतो तो मुख्यतः सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, लिंटरपासून. युक्रेनमधल्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढवली. तोफेची दारू आणि हौशी नेमबाजाची दारू एकाच कच्च्या मालावर अवलंबून आहेत, आणि पहिला घास अर्थातच सैन्याचा. २०२४मध्ये अमेरिकेच्या अलायंट कंपनीने नायट्रोसेल्युलोजच्या तुटवड्याचं कारण देत सुट्या दारूचा पुरवठा थांबवला. तापमानाला न बधणारी म्हणून २०१५च्या सुमारास गाजावाजा करत आलेली आयएमआरची एन्ड्युरॉन मालिकाही काही वर्षांतच बंद झाली. लोकांनी त्या दारूसाठी महिनोन्महिने चाचण्या करून वजनं ठरवली होती. ती वही आता निरुपयोगी झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नेहमीचा डबा मिळेना की माणूस जळण्याच्या वेगाचा तक्ता उघडतो आणि त्याच्या शेजारचं नाव उचलतो. इथेच घात होतो. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. दोन शेजारी नावांमध्ये केसाएवढा फरक असेल किंवा हातभर. शिवाय पुंगळी बदलली की क्रमही बदलू शकतो. काडतुसांच्या कारखान्यांचं वेगळं असतं. ते दारूच्या प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेचा, दाब मोजून वजन नव्याने ठरवतात. हौशी माणसाकडे दाब मोजायचं यंत्र बहुधा नसतं. म्हणून त्याच्या डब्यातली दारू वेगवेगळे घाणे मिसळून ठरलेल्या वेगाशी जुळवलेली असते, आणि तरीही घाण्यागणिक थोडा फरक राहतो. नव्या दारूसाठी उत्पादकाने स्वतः चाचणी करून छापलेली वजनं घ्यायची आणि त्यातल्या सर्वांत कमी वजनापासून सुरुवात करायची.

जुना डबा साठवून ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. ही दारू सावकाश कुजते आणि कुजताना आम्ल सोडते. फ्रेंचांच्या येना (१९०७) आणि लिबेर्ते (१९११) या युद्धनौका तूलाँ बंदरात अशाच कुजलेल्या दारूमुळे उडाल्या. त्यानंतर हे आम्ल शोषून घेणारं डायफिनाइलअमाइन मिसळण्याचा प्रघात पक्का झाला. तेही कधीतरी संपतं. चांगल्या डब्याला ईथरसारखा सौम्य वास येतो. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस दर्प आला, दाण्यांवर गंजासारखी तांबूस भुकटी दिसली किंवा तपकिरी वाफ निघाली, तर ती दारू काडतुसात घालायची नसते. नाव कितीही दुर्मीळ असो, तो डबा फळीवर परत जात नाही.